घराला कठडा हवा

(वारंवार पडणाऱ्या माणसांविषयी एक अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : अनुवाद २२:८, १ शमुवेल १:९-१८, योहान ९:१-३, उपदेशक ४:९-१०.

पाठाचा हेतु : वारंवार पडणे ही लपवण्याची नव्हे, तर शोध घेण्याची गोष्ट आहे हे समजून घेणे, आणि अशा माणसासाठी घरात व मंडळीत कोणता आधार उभा करता येईल ते ठरवणे.

प्रस्तावना

बहुतेक प्रत्येक मंडळीत असे एखादे वडीलधारे माणूस आढळते. पूर्वी ते उपासनेला पुढच्या बाकावर बसत असे. मग भिंतीला धरून येऊन शेवटच्या बाकावर बसू लागले. पुढे नाताळ व पुनरुत्थानाच्या सणालाच येऊ लागले, आणि आता येतच नाही. चौकशी केली तर घरचे म्हणतात, "त्यांचे पाय दुखतात." जवळ बसून विचारले म्हणजे खरी गोष्ट कळते. सहा महिन्यांत ते तीन वेळा पडले आहे. एकदा न्हाणीघरात, एकदा अंगणात आणि एकदा तर सपाट रस्त्यावर. का पडलो हे त्याला सांगता येत नाही. मुलगा बाहेर जाणे बंद करील या भीतीने दोन वेळचे पडणे त्याने घरात सांगितलेलेही नाही.

हे दुखणे जितके सामान्य तितकेच झाकलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे ६५ वर्षांवरील दर तीन-चार माणसांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल याच कारणाचा क्रम लागतो. जे मरत नाहीत त्यांपैकी अनेकांच्या मनात भीती घर करते. भीतीने माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने पायांतील शक्ती जाते, आणि शक्ती गेली म्हणजे तो पूर्वीपेक्षा अधिक पडतो. हे चक्र कोठेतरी तोडले पाहिजे.

१. नियमशास्त्रातील कठडा

मोठमोठ्या आज्ञांच्या मध्ये अनुवाद २२:८ ही एक लहानशी घरगुती आज्ञा आहे. जो नवे घर बांधतो त्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या देशात घरांची धाबी सपाट असत. राहाबेच्या धाब्यावर काड्या पसरलेल्या होत्या (यहोशवा २:६). पेत्र धाब्यावर जाऊन प्रार्थना करीत होता (प्रे. कृत्ये १०:९). इंदूर-ग्वाल्हेरकडे उन्हाळ्यात गच्चीवर निजण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हे चित्र सहज समजेल.

या आज्ञेत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, पडणारा कसा होता हे ती विचारीत नाही. तो म्हातारा होता की मूल होते, सावध होता की बेसावध, याचा उल्लेखही नाही. दुसरी, कठडा बांधण्याचे काम पडणाऱ्याचे नसून घरमालकाचे आहे, आणि तेही कोणी पडण्यापूर्वी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. धाब्यावर कोणी चढू नये असे ही आज्ञा म्हणत नाही. लोकांनी वर जावे, बसावे, प्रार्थना करावी, यासाठीच तर कठडा.

आपण बहुधा उलट करतो. आई पडली की तिला सांगतो, "आता खाटेवरून उठू नकोस." म्हणजे कठडा न बांधता आपण जिना काढून घेतो.

२. पडणाऱ्याला दोष देऊ नये

जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला पहिला प्रश्न विचारला तो पाप कोणाचे हाच. प्रभूने तो प्रश्न स्वीकारला नाही (योहान ९:१-३). शिलोहाचा बुरूज अंगावर पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी होते, ही समजूतही त्याने खोडून काढली (लूक १३:४). तरीही आपल्या घरांतून अजून कुजबुज चालते. कोणी म्हणतो नजर लागली, कोणी म्हणतो बाहेरचे काही आहे, आणि कोणी ख्रिस्ती शब्दांत तेच म्हणतो, की यांचा विश्वास कमी पडला. आधीच खाली पडलेल्या माणसाच्या अंगावर हे आणखी एक ओझे होय.

दुसरा दोष याहून अधिक बोचणारा आहे. तोल जाणारा मनुष्य रस्त्याने झोकांड्या खात चालतो, आणि पाहणारे समजतात की हा पिऊन आला आहे. या बाबतीत १ शमुवेलाचा पहिला अध्याय वाचावा. हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता. एली याजकाने तिला प्यालेली समजून फटकारले. एली देवाच्या मंदिरात बसलेला होता, वयाने व मानाने मोठा होता, आणि तरीही डोळ्यांना दिसले त्यावरून त्याने चुकीचा निर्णय केला. मात्र हन्नाने खुलासा केल्यावर त्याने तिचे ऐकले आणि तिला आशीर्वाद देऊन पाठवले. पुढे हाच एली अठ्ठ्याण्णव वर्षांचा असता आसनावरून मागे पडला व मान मोडून मेला (१ शमुवेल ४:१५-१८). दुसऱ्याच्या चालीवरून तर्क बांधण्यापूर्वी एलीची ही दोन्ही चित्रे आपण आठवावीत.

आजाऱ्यासाठी प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रार्थनेनंतर गोळ्या बंद करावयास सांगणे हे मंडळीचे काम नव्हे. पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता (कलस्सै ४:१४).

३. तोल कशाने राहतो?

आपण उभे राहतो हे आपल्याला साधे वाटते. पण शरीरात त्यासाठी सतत काम चालू असते. मेंदूपुढे तीन साक्षीदार साक्ष देत असतात. पहिला साक्षीदार डोळे. दुसरा आतला कान. प्रत्येक कानात पातळ द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, आणि डोके कोणीकडे वळले ते त्या सांगतात. रॉबर्ट बारानी या डॉक्टरला याच विषयावरील संशोधनाबद्दल १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिसरा साक्षीदार पायांचे तळवे व सांधे. जमीन कशी आहे, पाऊल कोठे पडले, हे ते कळवतात. लहान मेंदू या साक्षी जुळवून स्नायूंना आज्ञा देतो.

एक साक्षीदार दुबळा झाला तर उरलेले दोघे काम सांभाळतात. म्हणून तळव्यांची जाणीव कमी झालेला मनुष्य दिवसा ठीक चालतो, पण अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की कलंडतो. एकोणिसाव्या शतकात रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरने यावरूनच एक परीक्षा सांगितली. रोग्याला पाय जुळवून उभे करावयाचे, डोळे मिटावयास सांगावयाचे आणि तो डोलतो का ते पाहावयाचे. आजही डॉक्टर ती करतात.

आता आपल्या उपासनेकडे पाहा. आपण म्हणतो, "प्रार्थनेसाठी उभे राहू या," आणि डोळे मिटतो. म्हणजे दर रविवारी आपण सर्वांना याच परीक्षेला उभे करीत असतो. जो मनुष्य गीताला नीट उभा राहतो पण प्रार्थनेत पुढचे बाक घट्ट धरतो, त्याची ती खोड नसून खूण असू शकते.

आतल्या कानाचा साक्षीदार औषधानेही जाऊ शकतो. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला व क्षयरोगी वाचू लागले. परंतु त्या इंजेक्शनांनी काहींच्या कानातील तोलाची शक्ती नाहीशी झाली. अशा एका डॉक्टरने आपली हकीगत १९५२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर पुस्तकातील अक्षरे हलत. वाचण्यासाठी त्याला पलंगाच्या गजांमध्ये डोके टेकवून स्थिर करावे लागे. पुढे डोळ्यांच्या आधाराने तो पुन्हा चालावयास शिकला. ज्यांना पूर्वी क्षयासाठी अशी इंजेक्शने मिळाली असतील, त्यांनी ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

४. कारणाचा शोध

आपण "चक्कर आली" एवढेच सांगतो. पण या एका शब्दात तीन वेगळी दुखणी दडलेली असतात.

घर गरगर फिरल्यासारखे वाटते काय? कुशीवर वळताना किंवा माळ्यावरचा डबा काढण्यासाठी मान वर करताना काही सेकंद गरगरते आणि थांबते, असे होत असेल तर बहुधा आतल्या कानातील सूक्ष्म खडे जागचे हललेले असतात. जाणकार डॉक्टर डोके विशिष्ट क्रमाने वळवून ते जागी आणतात. एपली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ही रीत प्रचारात आणली. पुष्कळांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. महिनोन् महिने गोळ्या खाण्याची गरज नसते.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते काय? मग उभे राहिल्यावर रक्तदाब उतरत असावा. डॉक्टरांना निजलेल्या स्थितीत आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजावयास सांगावे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण हाती लागले. नुसता बसवून मोजलेला रक्तदाब अशा माणसाचा ठीकच निघतो.

डोके स्वच्छ, पण पायच ऐकत नाहीत, असे आहे काय? कापसावर चालल्यासारखे वाटत असेल तर मधुमेहाने किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने पायांच्या नसा बिघडलेल्या असू शकतात. निव्वळ शाकाहार करणाऱ्यांत व मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांत ही कमतरता आढळते. रक्त तपासून ती कळते व वेळेवर उपचार केल्यास भरून निघते. उशीर केल्यास नुकसान कायमचे राहते. पावले आखूड पडणे, वळताना पाय जमिनीला चिकटणे, मागच्या बाजूस पडणे ही कंपवाताची लक्षणे असू शकतात. मानेतील मणक्यांचा दाब मज्जारज्जूवर पडल्यानेही चाल बिघडते.

पडल्याचे आठवतच नाही, शुद्ध आली तेव्हा आपण जमिनीवर होतो, असे कोणी सांगितले तर हृदयाचे ठोके तपासून घेण्यास विलंब करू नये.

औषधांचीही चौकशी करावी. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, लघवीच्या त्रासाच्या काही गोळ्या यांनी तोल जातो. मधुमेहाच्या औषधाने साखर फार उतरली तरी माणूस पडतो. घरातील सर्व गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. स्वतःच्या मनाने एकही बंद करू नये.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी वहीत प्रत्येक वेळची नोंद करावी : किती वाजता, कोठे, काय करताना, आधी काय वाटले, पडल्याचे आठवते का, आणि गेल्या काही दिवसांत कोणते औषध बदलले. पुष्कळ वेळा निदान या वहीतच सापडते.

आणि पुढील गोष्टी दिसल्यास वाट पाहू नये : तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, डोक्याला मार लागल्यावर, मग ते काही दिवसांनी का असेना, डोके दुखणे, गुंगी येणे किंवा उलट्या होणे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला तर लक्षणे नसली तरी लगेच दाखवावे.

५. कारण सापडले नाही तर?

सर्व तपासण्या होतात, आणि डॉक्टर सांगतात की विशेष काही दिसत नाही. अशा वेळी पडणाऱ्याला वाटते की आपल्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. पण एक मोठे कारण सापडले नाही याचा अर्थ कारण नाही असा नव्हे. वृद्धपणी बहुधा चार लहान कारणे एकत्र येतात. थोडा मोतीबिंदू, थोडे बधिर तळवे, रात्रीची एक गोळी आणि उंच उंबरठा. यांतील कोणतेही एक असते तर मनुष्य पडला नसता. म्हणून चारांपैकी दोन दूर करता आली तरी पुष्कळ साधते.

शिवाय पायांची शक्ती उतारवयातही वाढते. न्यूझीलंडमधील ओटॅगो विद्यापीठात १९९० नंतर वृद्धांसाठी घरी करावयाच्या व्यायामांचा एक क्रम तयार झाला. त्याने पडण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने कमी झाल्याचे दिसून आले. त्यात अवघड काही नाही. स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे, भिंतीशेजारून एका पावलापुढे दुसरे जुळवून चालणे, असे हे व्यायाम आहेत. डॉक्टरांना विचारून, जवळ कोणी असताना, हळूहळू सुरुवात करावी.

काठीची लाज धरू नये. याकोबाने काठीच्या शेंड्यावर टेकून देवाला नमन केल्याचे इब्री ११:२१ मध्ये त्याच्या विश्वासाच्या वर्णनातच सांगितले आहे. काठीला रबरी टोपण असावे, तिची मूठ मनगटापर्यंत यावी, आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात ती धरावी.

६. घरातील कठडा

बहुतेक माणसे घरातच पडतात, म्हणून घरातून एकदा फेरी मारावी. न्हाणीघरात व शौचकूपाजवळ भिंतीत पक्का दांडा बसवावा. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही. सरकणारे पायपुसणे व दुमडलेली सतरंजी काढावी. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत रात्री लहान दिवा जळत ठेवावा. उंबरठ्याला पांढरा पट्टा ओढावा. सैल सपाता टाकून मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी. लुगडे किंवा झगा पायांत येणार नाही इतका वर असावा. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून जिन्याची पायरी अस्पष्ट दिसते, हे ध्यानात ठेवावे. रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटे बसावे.

कोणी पडले तर काखेत हात घालून ओढून उठवू नये. आधी विचारावे, कोठे दुखते? जांघेत फार दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मार नसेल तर त्याला कुशीवर वळू द्यावे, मग हातागुडघ्यांवर येऊ द्यावे. पुढे एक भक्कम खुर्ची ठेवावी. तिच्यावर हात टेकून, बळकट पाय पुढे घेऊन, तो आपणच उठेल. हे कृत्य पडण्यापूर्वीच एकदोनदा करून पाहिलेले असावे.

७. मंडळीतील कठडा

उपदेशक म्हणतो की दोघे असले तर एक पडल्यास दुसरा त्याला उठवील. एकटा पडला तर त्याची दशा वाईट (४:९-१०). हे वचन आपण लग्नाच्या वेळी वाचतो. ते एकट्या राहणाऱ्या विधवेच्या घरीही वाचावे. आज पुष्कळ घरांतील मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आहेत. बेळगावात, बडोद्यात, हैदराबादेत एकट्या राहणाऱ्या प्रत्येक सभासदाला रोज सकाळी ठरल्या वेळी फोन करणारे एक माणूस मंडळीने नेमावे. फोन उचलला नाही तर दार उघडून पाहण्यासाठी किल्ली शेजारी असावी. याला पैसा लागत नाही.

चर्चच्या पायऱ्यांना कठडा आहे काय हे पंचांनी पाहावे. पाळकांनी "ज्यांना शक्य आहे त्यांनी उभे राहावे" असे म्हणावे, म्हणजे बसून राहणाऱ्याला संकोच वाटणार नाही. प्रभुभोजनाच्या वेळी ज्यांना पुढे येऊन गुडघे टेकता येत नाहीत त्यांना जागेवर नेऊन द्यावे. मफीबोशेथ पाच वर्षांचा असता दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला (२ शमुवेल ४:४). दाविदाने त्याला बरे होऊन ये असे सांगितले नाही; तो लंगडा असताच राजाच्या पंक्तीस नित्य जेवीत असे (२ शमुवेल ९:१३). आपल्या पंक्तीतील कोणाची जागा रिकामी झाली आहे, हे आपण मोजले आहे काय?

शिक्षकांसाठी सूचना

लहान मुलांच्या वर्गात अनुवाद २२:८ सांगून मुलांना कागदाचे धाब्याचे घर व कठडा करावयास लावावे. मोठ्या मुलांना दोन्ही पाय जुळवून भिंतीजवळ, एकेकाला धरून, डोळे मिटून उभे राहावयास सांगावे. तोल कसा हलतो ते त्यांना स्वतः कळेल. मग आजीआजोबांच्या घरात कोठे कठडा हवा आहे याची यादी त्यांनी पुढील रविवारी आणावी. चालण्याची नक्कल करून हसणे ही मुलांची सवय असते. तिच्याविषयी या वर्गात प्रेमाने बोलावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. कठड्याच्या आज्ञेत जबाबदारी कोणावर आहे? का?
२. एलीची चूक कोणती, आणि त्याने ती कशी सुधारली?
३. आपल्या घरातील कोणी पडल्याचे लपवीत असेल तर ते कोणत्या भीतीने?
४. काळजी घेणे आणि कोंडून ठेवणे यांतील भेद उदाहरण देऊन सांगा.
५. आपल्या चर्चच्या आवारात या महिन्यात कोणती एक दुरुस्ती करता येईल? ती कोण करील?

प्रार्थनेचा विषय : जे उपासनेला येत असत पण पडण्याच्या भीतीने घरी राहिले आहेत, त्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी; आणि प्रार्थना झाल्यावर त्यांच्यापैकी एकाच्या घरी, त्याच आठवड्यात, वर्गातील दोघांनी जावे.